भोकरदनचे मणी : समुद्रापासून दूरच्या एका गावातील दागिन्यांचा इतिहास

दागिन्यांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे तो बहुधा सोन्याचा इतिहास होतो. ठुशी, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, चपलाहार अशी नावे आपण कौतुकाने सांगतो आणि त्यांच्या आधारे कोणत्या काळी कोण किती श्रीमंत होते याचा अंदाज बांधतो. आमच्या जालन्यात तर 'जालना, सोने का पालना' ही म्हण अजून लोकांच्या तोंडी आहे. पण सोने हा इतिहासाचा भरवशाचा साक्षीदार नाही. ते मोडता येते, वितळवता येते. आजीच्या पाटल्यांच्या सुनेसाठी बांगड्या होतात, आणि चार पिढ्यांनंतर त्या सोन्याचा मूळ आकार कोणाच्याही स्मरणात उरत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सामान्य घरातील बाई गळ्यात काय घालत होती हे शोधायचे असेल, तर सोन्याकडून फारशी मदत होत नाही.

मदत होते ती दगडाची, शंखाची आणि काचेची. दगडाचा मणी फुटला तर तो फेकून देतात. शंखाची बांगडी पिचली तर तिचा तुकडा उकिरड्यावर जातो. काचमणी ओवलेल्या माळेचा दोरा तुटला तर दोन-चार मणी घरंगळून जमिनीत जातात. या वस्तूंना मोड नाही, म्हणून त्या जिथे पडल्या तिथेच राहतात. स्वस्त वस्तू टिकते आणि मौल्यवान वस्तू नाहीशी होते, हा दागिन्यांच्या इतिहासातील विचित्र न्याय आहे.

अलीकडे समुद्रकाठी वेचलेले गोटे आणि लाटांनी घासून धूसर, गुळगुळीत झालेले बाटल्यांचे तुकडे तारेत गुंफून त्यांचे दागिने करण्याची आवड शहरांतून वाढली आहे. हा नवा छंद मानला जातो. जालना जिल्ह्यातून पाहिले तर तो परका वाटावा, कारण इथून जवळात जवळचा समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही पाण्याने घासलेला गोटा, समुद्रातला शंख आणि समुद्रावरून आलेली काच या तिन्ही वस्तूंचा दागिन्यांशी असलेला संबंध पाहायचा, तर त्यासाठी जालना जिल्ह्यातील भोकरदनसारखे दुसरे ठिकाण चटकन सापडणार नाही.

भोगवर्धन

भोकरदन हे जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे गाव. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून तिकडे जाता येते. १९८१ साली १ मे रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. गावाजवळून केळना नदी वाहते आणि ती पुढे पूर्णेला मिळते. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. खानदेशातून घाट चढून दख्खनच्या पठारावर येणाऱ्याला हा टापू वाटेवरच लागतो. नदीकाठची कोरीव लेणी अभ्यासकांना परिचित आहेत. मात्र भोकरदनचे खरे वय कळते ते गावाजवळच्या पांढरीतून.

गावाचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर ज्या शेकडो दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनाहून आलेले दातेही आहेत. पुराणांतील दक्षिणापथाच्या यादीतही भोगवर्धन हे नाव अश्मक, कुंतल यांच्या बरोबरीने येते. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या काळात इथली माणसे मध्य भारतापर्यंत ये-जा करत होती, दान देण्याइतपत पैसा बाळगून होती, आणि आपल्या नावापुढे आपले गाव लावण्यात त्यांना गौरव वाटत होता.

१९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील एका भरभराटलेल्या नगराचे चित्र त्यातून उभे राहिले. या उत्खननातील जी वस्तू सर्वांत गाजली ती हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. मधोमध उभी असलेली स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना लहान आकाराच्या दासी अशी तिची रचना असून वरचा भाग तुटलेला आहे. ती गाजण्याचे कारण इटलीत होते. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली अशाच घडणीची, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. मराठवाड्यातीलच तेर येथेही याच कुळातील लहान मूर्ती मिळाली आहे. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठे घडली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, परंतु या चर्चेत भोकरदनचे नाव आता कायमचे जोडले गेले आहे.

या मूर्तीविषयी लिहिताना तिचा रोमशी असलेला संबंध बहुतेक जण सांगतात. माझे लक्ष मात्र पॉम्पेईच्या त्या स्त्रीच्या अंगावरील दागिन्यांकडे जाते. मनगटापासून वर कोपरापर्यंत बांगड्यांची रांग, पायांत थरांवर थर चढवलेली वाळी, कमरेला रत्नांची मेखला, गळ्यात भरगच्च माळ. कपडे जवळजवळ नाहीत, दागिने मात्र पुरेपूर. कोणत्याही कोरक्याने हे हवेतून आणलेले नाही, त्याने आजूबाजूला पाहिले तेच हस्तिदंतात कोरले. आणि भोकरदनच्या पांढरीतून निघालेले मणी व शंखाच्या बांगड्यांचे तुकडे हे त्या कोरीव दागिन्यांचे खरे, हाताळता येणारे भाऊबंद आहेत. हस्तिदंत, शंख आणि मणी या तिन्ही कामांचे केंद्र म्हणून अभ्यासक भोकरदनकडे पाहतात.

दगड घरचा

यांपैकी दगड आपल्या घरचा आहे. मराठवाड्याची जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनली आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे लक्षावधी वर्षे त्या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि आतून थरावर थर चढत गेला. कुठे गारगोटी झाली, कुठे जांभळट स्फटिक, कुठे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. विहीर खणताना सुरुंगाने फुटलेल्या खडकातून चमकणारे स्फटिक निघतात, ते आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने पाहिलेले असतात.

काळा खडक झिजतो, पण अकीक त्याच्यापेक्षा कठीण असल्यामुळे मागे राहतो. पावसाच्या लोंढ्याबरोबर तो ओढ्यात येतो, ओढ्यातून नदीत, आणि पूर्णा-गोदावरीच्या पात्रातील गोट्यांत मिसळतो. इथे पाणी मणिकाराचे पहिले काम स्वतःच करून ठेवते. ज्या गोट्यात चीर आहे तो प्रवाहात आपटून फुटतो. शेवटी पात्रात जो गोटा उरतो तो एकसंध असतो. समुद्रकाठी हेच काम लाटा करतात. म्हणूनच खाणीतून काढलेल्या दगडापेक्षा पाण्यातून आलेल्या गोट्यावर जुन्या कारागिरांचा अधिक विश्वास असे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पुस्तक मात्र 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर. या गावांहून माल गाड्यांवर लादून, मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला आणतात. पैठणहून येणाऱ्या मालात त्याने एकाच वस्तूचे नाव घेतले आहे आणि ती पुष्कळ प्रमाणात येते असे म्हटले आहे. ती वस्तू म्हणजे अकीकाच्या जातीचा पट्टेदार दगड. सातवाहनांच्या राजधानीची त्या परदेशी व्यापाऱ्याला झालेली ओळख ही अशी आहे. राजाचे नाव, किल्ला, देवालय यांतले काही नाही. ओळख आहे ती गाड्या भरून येणाऱ्या दगडाची.

शंख आणि काच

दगड समुद्राकडे जात होता तेव्हा समुद्राच्या वस्तू उलट वाटेने वर येत होत्या. बांगड्यांचा शंख जाड सालीचा, पांढराशुभ्र आणि जड असतो. तो कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि दक्षिणेत मन्नारच्या आखातात मिळतो. केळनेच्या काठी तो आपोआप येण्याचा प्रश्नच नव्हता. कोणीतरी समुद्रात बुडी मारून तो काढला, कोणीतरी बंदरात विकला, कोणीतरी घाट चढवला, आणि मग इथल्या कारागिराच्या हाती तो आला. त्याने शंखाचा माथा फोडला, मधला पिळदार खांब काढून टाकला आणि उरलेल्या पोकळ भागाच्या करवतीने चकत्या कापल्या. एक चकती म्हणजे एक बांगडी. एका शंखातून जेमतेम काही बांगड्या निघतात, म्हणून काढलेला मधला खांबही फेकून दिला जात नसे. त्याचे मणी होत. बंगालमध्ये सवाष्णींचा शंखाचा चुडा अजून याच रीतीने कापला जातो, फक्त करवतीला आता वीज लागली आहे.

काचेची वाट निराळी. आपल्या देशात काच फार पूर्वीपासून होत होती आणि दख्खनच्या जुन्या नगरांत काचेचे मणी भरपूर सापडतात. तरीही पेरिप्लसमध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे यांच्या पंगतीला कच्ची काच आहे. कच्ची काच म्हणजे न घडवलेले काचेचे ढेकळ. जहाजातून ते ढेकळ आले की इथला कारागीर ते भट्टीत मऊ करून त्याची तार ओढी, तार कापून मणी करी. मूळ वाळू आणि खार वितळवून काच बनवण्यासाठी प्रखर उष्णता लागते. तयार काच पुन्हा मऊ करायला मात्र लहान भट्टी पुरते. त्यामुळे काच न बनवणारे गावसुद्धा काचमणी बनवू शकत असे.

काचमण्यांचे दुसरे काम होते नक्कल करणे. लाल काच तांबड्या अकीकाची जागा घेई, हिरवी काच पाचूची किंवा वैडूर्याची. प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकात तक्रार करतो की भारतीय लोक स्फटिकाला रंग देऊन वैडूर्यासारखी रत्ने बनवतात. तोच प्लिनी असेही म्हणतो की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. त्याच्या दृष्टीने हा उधळपट्टीचा प्रश्न होता. आपल्या दृष्टीने पाहिले तर या नकलेत एक सामाजिक गोष्ट दिसते. जिला वैडूर्य परवडत नव्हते ती हिरवा काचमणी घालत होती, आणि तो बनवणारा तिच्यासाठीही तितक्याच निगुतीने काम करत होता.

मराठी वाचकाने इथे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांची आठवण ठेवायला हवी. मणी हा विषय पुरातत्त्वात तळटिपेपुरता होता तेव्हा त्यांनी १९४९ साली नक्षीदार अकीक मण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९६९ साली भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत सिद्ध केला. भांड्याच्या खापराइतकाच मणीही बोलतो, हे आपल्या अभ्यासकांना शिकवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

मणी कसा होतो

दोन हजार वर्षांपूर्वीचे कारखाने आपल्याला पाहता येत नाहीत, पण गुजरातमधील खंभात येथे अकीकाचे काम अजून चालते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जे. मार्क केनॉयर, मास्सिमो विदाले आणि कुलदीप भान या पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या कारागिरांजवळ बसून प्रत्येक पायरीची नोंद केली. भोकरदनसारख्या ठिकाणचे मणी समजून घेण्याची किल्ली त्या नोंदींत आहे.

आणलेला अकीक बहुधा मळकट, करडा किंवा पिवळसर असतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात भरून मंद विस्तवात भाजतात. दगडातील लोहाचा रंग उष्णतेने बदलतो आणि दगड तांबडा होतो. घाई केली तर आतील ओलावा एकदम फुटून दगड तडकतो. भाजलेला दगड फोडायची रीत आपल्या कल्पनेच्या उलट आहे. लोखंडाची अणकुचीदार सळई जमिनीत तिरपी रोवलेली असते. कारागीर दगड त्या टोकाला टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाचे डोके असलेल्या हलक्या हातोडीने वरून ठोका देतो. हातोडी मऊ, टोक कठीण, त्यामुळे ज्या बाजूला टोक टेकले आहे तिथून पातळ कपची उडते. अशा शेकडो कपच्या उडवल्यावर मण्याचा ओबडधोबड आकार येतो. पुढे घासणे, मग भोक पाडणे, मग झिलई.

सर्वांत अवघड काम भोकाचे. हडप्पा काळातील कारागीर दगडी टोकाने लांब अकीक मण्यांना भोक पाडत. प्रयोगांत असे दिसले की ते टोक तासाभरात सुमारे अडीच मिलिमीटर आत जाते. पुढे ऐतिहासिक काळात हिऱ्याचे बारीक कण टोकाला बसवलेले, धनुकलीने फिरवायचे गिरमिट वापरात आले. तासांचे काम मिनिटांवर आले. सातवाहन काळातील नगरांत अकीकाचे मणी इतके विपुल का सापडतात, याचे एक उत्तर या गिरमिटात आहे. मणी स्वस्त झाला तो दगड स्वस्त झाला म्हणून नव्हे, भोक लवकर पडू लागले म्हणून.

काही मण्यांवर पांढरी नक्षी असते. तीही कोरलेली नसते. सोड्यासारखा खार वनस्पतीच्या रसात कालवून त्याने मण्यावर रेघा काढायच्या आणि मणी तापवायचा, की रेघ कायमची पांढरी होते. १९३०च्या दशकात अर्नेस्ट मॅके यांनी सिंधमधील सेहवान येथे एका वृद्ध कारागिराकडून ही रीत समजून घेतली. चार हजार वर्षांपूर्वीची युक्ती एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात तोवर शिल्लक होती.

हे सारे वाचताना मन हरखते, पण खंभातची दुसरी नोंदही सांगायलाच हवी. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तो घासताना उडणारी धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कामगारांतील या रोगाचा अभ्यास केला आहे. हा रोग बरा होत नाही. विजेच्या चाकांनी धूळ वाढवली हे खरे, पण दगड तोच आणि फुप्फुसेही तीच. भोकरदनच्या मणिकाराचा खोकला उत्खननात सापडत नाही, एवढाच फरक.

करणाऱ्याचे नाव

प्राचीन लेखांत राजे, राण्या, व्यापारी, भिक्षू यांची नावे भरपूर मिळतात. कारागिरांची क्वचित मिळतात, पण मिळतात. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे रूपकाम केले अशी नोंद आहे. कान्हेरीच्या एका लेखात सोपाऱ्याच्या 'मणिकारा'चे दान आहे. आणि आपल्या अधिक जवळ, कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेण्यांत, एका गुबगुबीत, हसऱ्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. तो कण्हदास, म्हणजे कृष्णदास. व्यवसायाने तो सोनार होता.

सोनाराने दगडाची मूर्ती घडवावी, विदिशेच्या हस्तिदंतकारांनी तोरण कोरावे, यावरून हे हात एका कामातून दुसऱ्या कामात सहज जात होते असे दिसते. त्या यक्षाच्या गळ्यातील आणि हातांतील दागिने इतके अचूक आहेत की ते करणारा दागिने घडवणारा होता हे लेख वाचण्यापूर्वीच कळावे. भोकरदनच्या मणिकारांपैकी कोणाचेही नाव आपल्याकडे असे उरलेले नाही. त्यांच्या सहीची जागा त्यांच्या चुकांनी घेतली आहे. कारखाना ओळखण्यासाठी पुरातत्त्वज्ञ सुंदर, पुरा झालेला मणी शोधत नाहीत, कारण तो कुठूनही आलेला असू शकतो. ते शोधतात उडालेल्या कपच्या, भोक अर्ध्यात सोडलेला मणी, भोक पाडताना दुभंगलेला मणी, शंखाचा कापून टाकलेला खांब. पुरा मणी फार तर तो कोणी घातला हे सांगतो. अर्धा मणी तो इथेच केला हे सांगतो.

पांढरीची माती

ज्याला बाजारात काही किंमत नाही तो अर्धा मणीच इतिहासाला सर्वांत मोलाचा, आणि हेच आपल्या दुर्दैवाचे मूळ आहे. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. शेकडो वर्षांच्या राखेने, चुन्याने, पडलेल्या भिंतींनी तिची माती पांढुरकी आणि चिकट झालेली असते. धाब्याच्या घरांवर, माळवदावर ही माती टाकली की पाणी झिरपत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पांढरीची माती गाढवांवरून, गाड्यांतून घराघरांवर गेली. माझ्या लहानपणी पावसाळ्यापूर्वी माळवद सारवणे हे ठरलेले काम होते, आणि त्या मातीत खापरे, बांगड्यांचे तुकडे, क्वचित एखादा लाल मणी निघणे यात कोणाला नवल वाटत नसे. मणी मुलांच्या खिशात जाई. सातवाहनांची कित्येक नगरे अशी आपल्या छपरांवर चढली आणि पावसाबरोबर पन्हाळीतून वाहून गेली.

आता माळवदे गेली, स्लॅब आले. पांढरी मात्र वाचल्या नाहीत. काहींवर घरे झाली, काही यंत्राने सपाट करून शेतात मिळवल्या गेल्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर माती धुपून मणी वर येतात तेव्हा ते वेचणारे असतात आणि ते वेचणाऱ्यांकडून घेणारेही असतात. कायद्याचे म्हणाल तर १८७८च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे दफन द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. पण मूठभर मण्यांसाठी कायद्याची पुस्तके कोण उघडतो? शिवाय कायदा वस्तूचे रक्षण करील, तिच्या जागेचे नाही. कोणत्या गावच्या, कोणत्या शिवारात, किती खोलीवर, कशाशेजारी मणी सापडला ही माहिती गेली की उरतो तो फक्त एक लाल खडा. तो खरा असतो, जुना असतो, आणि मुका असतो.

खाजगी संग्राहकांविषयी इथे सरसकट कडवट बोलण्यात अर्थ नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावातील वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या, त्यातूनच आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यांनी तेरचे तेरलाच ठेवले, आणि संग्रह व विक्री यांतील फरक तो इतकाच आहे. भोकरदनच्या वस्तूही भोकरदनच्या मुलांना आपल्याच गावात पाहायला मिळाल्या, तर मणी वेचणाऱ्या हातांना तो कुठे नेऊन द्यायचा हे कळेल.

कवडी आणि काळी पोत

जुने मणिकार गेले, मग त्यांच्या परंपरेचे काय झाले? तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपली आणि पुढच्या काळात पश्चिमेचा व्यापार आटत गेला. अकीकाचे काम किनाऱ्याकडे सरकले. १५१६च्या सुमारास दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज लिहितो तेव्हा अकीकाची ख्याती गुजरातच्या लिमोदऱ्याची आणि खंभातची आहे, पैठणची नाही. आमच्याकडचा दगड तसाच राहिला, तो घडवणारे हात राहिले नाहीत. आज मराठवाड्याच्या खडकांतून निघणारे स्फटिक न घडवताच बाहेर विकले जातात. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा दगड बाहेर जात होता तसे मणीही घडत होते. आता फक्त दगड जातो.

तरीही घालणाऱ्यांच्या अंगावर ही परंपरा टिकली आहे. तुळजाभवानीचे आराधी आणि भुत्ये कवड्यांची माळ घालतात. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरील बंजारा बायकांच्या जुन्या पोशाखात कवड्या, काचमणी आणि आरशाचे तुकडे असत. कवडी हा समुद्रातला जीव, मालदीवच्या बाजूने शतकानुशतके आपल्याकडे आलेला. तिचे एके काळी चलन होते. पुढे ते मोडले आणि भाषेत 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे शब्द उरले. बाजाराने जिला मोल नाही म्हटले ती कवडी देवीने मात्र गळ्यात ठेवली. आणि मंगळसूत्र कितीही तोळ्यांचे असो, त्यात काळे मणी लागतातच. ते काचेचे असतात. सोन्याच्या वाट्या अडचणीच्या वेळी सोनाराकडे गहाण पडतात, नुसती काळी पोत गळ्यात राहते. शेतकऱ्याच्या घरात गेल्या काही दुष्काळांत हे अनेकदा घडले आहे. त्या पोतीकडे पाहताना पुष्कळ जणांना दारिद्र्य दिसते. मला त्यात सोन्याहून जुना दागिना दिसतो.

भोकरदनच्या पांढरीतून जे अजून निघायचे आहे ते वाचवायला मोठा निधी लागत नाही. पावसाळ्यानंतर शेतात मणी, बांगडीचा तुकडा, शंखाचा कापलेला खांब सापडला तर तो जिथे सापडला तिथेच त्याचे छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक आणि तारीख लिहावी आणि वस्तू संग्रहालयाकडे द्यावी. गावोगावच्या शाळांनी यासाठी एक साधी वही ठेवली तरी पुढच्या अभ्यासकाला ती एखाद्या ताम्रपटाइतकी उपयोगी पडेल. आणि वहीत नोंद करताना पुरा, देखणा मणी आधी लिहायचा मोह होईल, तेव्हा अर्धवट भोक पडलेला मणी त्याच्याही वर लिहावा.